आईच्या हाताचा गुण

नेवाशाकडच्या आमच्या गावात कुणाचं पोट दुखलं की आईला बोलावणं यायचं. सरकलेली बेंबी ती तेल लावून, अंगठ्यानं दाबून जागेवर बसवायची. तिच्या हाताला गुण आहे असं बायका म्हणत, आणि आईलाही ते खरंच वाटे.

लढाईच्या दिवसांत मी माहेरपणाला आले होते. उजव्या कुशीत दुखायला लागलं. आईच्या हाताला गोळा लागला. "बेंबीच सरकलीया," म्हणाली, नि लागली दाबायला. मी ओरडले तरी सोडीना. ओरडणाऱ्या बायकांची तिला सवयच होती. एकाएकी आत काहीतरी तटकन तुटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. लघवी झाली ती लाल.

सर्व्हिस मोटारीतून मला नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोट कुणी चोळलं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

"म्याच चोळलं, बाई," आई म्हणाली. "लई दाबलं."

बाई रागावल्या नाहीत, याचं मला आजही कौतुक वाटतं. खाटेवर बसून त्यांनी समजावलं : मूत्रपिंडावर गाठ आहे, ती फुटून आत रक्त साचतंय. अजिबात न हलता पडून राहिलं, बाहेरून रक्त दिलं, तर कधी कधी ते आपोआप थांबतं. नाही थांबलं तर मूत्रपिंडच काढायचं. गाठ वाईट की साधी, ते काढल्यावरच कळेल.

आईनं एवढंच विचारलं, "एकावर जगंल का ही?"

"जगेल."

रक्तही आईचंच जुळलं. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी नाडी हाताला लागेना, तेव्हा ऑपरेशन केलं.

गाठ चरबीची निघाली, साधी. आता म्हणे बारीक नळी घालून फुटलेली रक्तवाहिनी तेवढी बंद करतात, मूत्रपिंड वाचतं. वाचू दे बापड्यांचं! बाई आईला म्हणाल्या, "ही गाठ कधी ना कधी फुटलीच असती." आईनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं.

गावी आल्यावर दारात आलेल्या बायकांना ती परत धाडू लागली. मला भरवी, माझी वेणी घाली, पण पोटाच्या आसपास हात आणीना. मला त्याचा रागच येई. एके दुपारी मीच तिचा हात ओढून व्रणावर ठेवला. म्हटलं, "बघ, आहे की मी."

तिनं अंगठा तळव्यात दुमडून घेतला, आणि उरलेली चार बोटं हळूच टेकवली.