दोन विटांची पिशवी

पुण्याच्या रेसकोर्सवर आमच्या शेजारच्या आजोबांनी तीस वर्षं घोड्यांना नाल मारायचं काम केलं. आता ते नगरजवळ नागापूरला मुलाकडे राहतात आणि रोज सकाळी माझ्याबरोबर एमआयडीसीच्या रस्त्याने फिरायला येतात. मोबाईलवर दोन नामी घोड्यांच्या शर्यती दाखवून मी विचारतो, यातला मोठा कोण? ते स्क्रीनकडे बघतही नाहीत. "पाठीवर वजन किती हुतं?" एवढंच विचारतात. जास्त जिंकणाऱ्या घोड्याच्या खोगिरात शिसं घालून त्याला बाकीच्यांच्या बरोबरीला आणतात, हे त्यांनीच मला सांगितलं. हा त्या घोड्यावर अन्याय आहे, असं मी म्हणालो, तर ते चिडले.

"अन्याव कसला? मान हाय त्यो. मरतुकड्यावर कुनी वजन टाकीत न्हाई."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी लंगडत चालायचो. ते सत्तरीचे, पण पाय लई चपळ. तरी माझ्यापुढे कधी गेले नाहीत. खांद्याला मात्र कायम एक कापडी पिशवी असायची. एकदा चहाच्या टपरीवर ती बाजूला सरकवायला गेलो, तर हलेना. आत दोन विटा होत्या. मी पिशवी होती तिथेच राहू दिली.

गेल्या महिन्यात ते तापाने आठ दिवस झोपून होते. उठल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. मी आत बघितलं.

"एकच?" मला खरंच राग आला.

"गुडघा बघून दिलीय," ते म्हणाले. "दुसरीचं दिवाळीला बघू."