सॅम्पलची खुर्ची

आमच्या शेडमधला भुसा रोज झाडला की संपतो. किस्से मात्र झाडून संपत नाहीत, उलट कोपऱ्यात साचतच जातात!

शहापूरला हायवेच्या कडेला आम्हा आठ सुतारांची ही फर्निचरची शेड. जन्मभर दारांच्या चौकटी आणि पलंग केले. अन् एकदम नागपूरच्या एका हॉटेलवाल्या साहेबांनी सांगितलं, एक सॅम्पल खुर्ची करा, पसंत पडली तर मोठी ऑर्डर. नाही पडली तर आम्ही पुन्हा चौकटी ठोकायला मोकळे. सगळ्यांचा जीव टांगणीला.

ड्रॉइंग आलं मिलिमीटरमध्ये. आमचे म्होरके सुखदेवभाऊ इंच आणि सूत या जुन्या मापांचे माणूस. कागद बाजूला सारून म्हणाले, "साहेबाले गुडघ्याची उंची विचार." मी लाजत लाजत फोन केला. साहेब शांतपणे म्हणाले, "कोणत्या गुडघ्याची? एकाचं ऑपरेशन झालंय."

*

मग नवीन मशीन शिकवायला एक ट्रेनर आला. रंधा, पटाशी सगळं विसरा म्हणाला, आता फक्त बटन दाबायचं. तेवढ्यात लाइन गेली ती दिवसभर आलीच नाही. सुखदेवभाऊंनी रंध्यानं खुर्चीचे चारही पाय गुळगुळीत केले, ट्रेनरला चहा दिला आणि म्हणाले, "दाबा आता बटन."

*

खुर्ची किती वजन पेलते तेही बघायचं होतं. आम्ही गावातले सगळ्यात वजनदार, मिठाईवाले मारोतीकाका यांना बोलावलं. काका बसले, टेकले आणि घोरायला लागले. खुर्ची पास झाली, पण काकांना उठवता उठवता आमच्या नाकी नऊ आले.

*

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी सुखदेवभाऊ हळूच मला म्हणाले, "शालूले पाहाले सिहोऱ्याचे पावणे येऊन राहिले. घरी सब्बन खुर्च्या प्लास्टिकच्या! सांजेपर्यंत आणून देतो." शालू त्यांची मुलगी. सुताराच्या घरी लाकडाची एक खुर्ची नाही! नेऊ दिली.

अन् साहेब एक दिवस आधीच हजर! खुर्ची ट्रायलला दिलीय अशी थाप मारून मी त्यांना थेट सुखदेवभाऊंच्या घरी नेलं.

खुर्चीवर मुलाचे वडील ऐसपैस बसलेले. समोर शालू पोह्यांच्या बशा घेऊन उभी. सुखदेवभाऊ लगबगीनं उठले. "हे आमचे नागपूरचे साहेब," एवढंच कसंबसं म्हणाले. पाहुण्यांना वाटलं, मुलीचे कोणी मोठे नातेवाईक असतील.

साहेब खुर्चीच्या मागं जाऊन वाकले. "मजबूत आहे," म्हणाले. मुलाच्या वडिलांनी शालूकडे पाहत मान डोलावली.

"पॉलिश उतरणार नाही ना?"

वडिलांनी आता तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. शालूनं पदर तोंडाला लावला. ती रडते की हसते, मला कळेना.

"आमाले तं पसंत हाये," वडील म्हणाले.

साहेब खूश झाले. "मलाही पसंत आहे. अशा चाळीस लागतील."

वडील बशी हातात घेऊन उभेच राहिले.

"चाळीस कायले, साहेब? आमाले पोरगा एकच हाये."