बिशपसाहेब तीनदा 'उठा' म्हणाले

मी अत्यंत आज्ञाधारक माणूस आहे. बिशपसाहेबांनी चर्चमध्ये, भर मिस्सेच्या प्रार्थनेत मला तीनदा उठायला सांगितलं आणि मी उठलो नाही, तो भाग वेगळा.

आम्ही मूळचे वसईचे. नोकरीपायी हैदराबादला, हिमायतनगरात. इथे मी जुन्या वळणाच्या कॅथलिकांच्या गटात शिरलो. गट म्हणजे पाच म्हातारे आणि मी. म्होरके डिमेलो अंकल. आमचा हट्ट एकच: ख्रिस्तप्रसाद (पावाची पातळ चकती) घ्यायचा तो गुडघे टेकून आणि जिभेवर. नेमकं बिशपसाहेबांचं पत्रक आलं, की सर्वांनी उभं राहून हातावर घ्यावा. अंकल म्हणाले, "मर जातूं, पन खडा नै होतूं." (ते ऐंशीचे आहेत. पहिला भाग त्यांना सोपा.)

पंचाईत अशी, की माझ्या नऊ वर्षांच्या मर्लिनचा पहिला ख्रिस्तप्रसाद घेण्याचा सोहळा त्याच महिन्यात, आणि द्यायला खुद्द बिशपसाहेब. रांगेत आधी वडील, मग मूल, मग आई.

"डॅडी, तू उभा राहशील ना? सगळ्यांसमोर तमाशा नक्को."

"राहीन गं."

"शप्पथ?"

घेतली. बायको रीना म्हणाली, "मोठ्यांचं ऐक म्हणून पोरीचा जीव खातोस ना? आता स्वतः ऐक." आठवडाभर मला अन्न गोड लागेना.

त्या रविवारी मी खरंच उभा होतो. समोर बिशपसाहेब, मागे पांढऱ्या फ्रॉकमधली मर्लिन. पण पहिल्या बाकावरून अंकल माझ्याकडे टक लावून बघत होते, आणि माझे गुडघे आपोआप टेकले. (आपोआप कसले! भेकड माणूस दोघांना भितो, तेव्हा ज्याची रोज गाठ पडते त्याला जास्त भितो.)

बिशपसाहेबांनी मुकाट्याने जिभेवर प्रसाद ठेवला. मी उठायला गेलो आणि उजव्या गुडघ्यात कट्ट! पाय अडकला तो अडकलाच.

"उठिए," बिशपसाहेब हळूच म्हणाले.

आता आमच्या वळणात प्रसाद तोंडात विरेपर्यंत चावायचा नाही, बोलायचं तर नाहीच नाही. गुडघा अडकलाय हे सांगणार कसं? मी नुसती मान हलवली.

"लेवंडी," ते तेलुगूत म्हणाले, जरा कडक आवाजात. मी पुन्हा मान हलवली. रांगेतून कोणीतरी कुजबुजलं, "काइकू जिद कर रहे जी?" तिकडे अंकलना वाटलं, बंड सुरू झालं. ते धडपडत आले आणि माझ्या शेजारी गुडघे टेकून बसले. पाठोपाठ उरलेले चौघे.

"प्लीज स्टँड अप!" बिशपसाहेब आता इंग्रजीवर आले.

मी मागे पाहिलं. मर्लिनचा खालचा ओठ थरथरत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात ती मला वळसा घालून पुढे गेली, ताठ उभी राहिली, दोन्ही हात पुढे केले आणि प्रसाद घेतला. मग वळून तिने माझ्या बगलेत खांदा घातला आणि मला उठवलं.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं, "यापुढे गुडघे टेकायचे नाहीत."

"जी," मी म्हणालो.

रीना बघतच राहिली. "बिशपसाहेबांच्या पत्रकावर महिनाभर वाद घातलास. यांना मात्र साधं 'का?' एवढंही विचारलं नाहीस!"

मर्लिनची मी माफी मागितली. "शपथ मोडलीस," ती म्हणाली. "कन्फेशनला जाशील तेव्हा मी बाहेर उभी राहणार." बिशपसाहेबांनाही जाऊन खरं काय ते सांगितलं. अंकलना मात्र सांगायची हिंमत झाली नाही. पुढच्या रविवारी, बिशपसाहेबांपुढे न डगमगल्याबद्दल, त्यांनी शाल घालून माझा सत्कार केला. मी ती मान खाली घालून घेतली. गुडघ्याला गुंडाळायला बरी पडते.