तळ्यांच्या वाटेवरचा उपास

नळदुर्गला हायवेवर उत्तरेश्वरअण्णांचा धाबा आहे. तिथून कुणी अर्धपोटी उठून गेलाय, असं आजवर घडलेलं नाही. गिऱ्हाइकानं हात धुतला तरी अण्णा ताटात भाकरी टाकतात आणि तो नको म्हणाला तर "मग भात घ्या" म्हणतात. हैदराबादकडचे ट्रकवाले त्यांना जरा भिऊनच असतात, ते या एकाच कारणासाठी. असा माणूस हिमालयात जाऊन उपाशी राहिला आणि त्यापायी आडवा झाला, हे नळदुर्गात आधी कुणाला खरंच वाटलं नाही.

मुळात अण्णा तिकडं गेले ते लेकीसाठी. अर्पिता पुण्यात नोकरीला. लग्नाला दोन वर्षं झालेली, पण गेले काही महिने ती नवऱ्याचं, रणधीरचं, घर सोडून वेगळी खोली घेऊन राहत होती. का, ते सांगत नव्हती. फोनवर रणधीरचं नाव निघालं की तिची रेंज जायची. नेमकी त्याच सुमारास तिच्याबरोबर हिमालयात ट्रेकला येणारी मैत्रीण गळाली. डोंगरावरची तळी बघत आठवडाभर चालायचं, रात्री तंबूत झोपायचं, असा तो बेत होता. एक जागा रिकामी पडली, असं अर्पितानं घरी सहज सांगितलं आणि अण्णांच्या मंडळींनी, लक्ष्मीबाईंनी, ती जागा तिथंच पकडली.

"तुमी जावा," त्या अण्णांना म्हणाल्या. "डोंगरात तिला फोन कट करता यायचा न्हाय. चालता चालता इचारा, नांदायला कवा जातीस. व्हय म्हणल्याबिगर खाली उतरू नका."

अण्णांचं आयुष्यभराचं चालणं म्हणजे गल्ल्यापासून चुलीपर्यंत. डॉक्टरांनी तपासून जायला हरकत नाही म्हटलं, तेव्हा सगळ्यात जास्त निराश अण्णाच झाले. पण "अण्णा, तुम्ही खरंच येताय?" असं अर्पितानं पुन्हापुन्हा विचारलं, आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता, की त्यांनी "व्हय" म्हणून टाकलं. पोरीला वाटत होतं, बाप आपल्यासोबत चार दिवस घालवायला येतोय. त्यांचे बूट तिनंच घेतले. घरात घालून सवय करा म्हणाली. अण्णा ते घालून धाब्यावर बसले, तर गिऱ्हाइकं विचारायला लागली, धाब्याला पोलीस बंदोबस्त कधीपासून लागला.

निघण्याआधी ते येरमाळ्याला येडाईच्या पाया पडून आले आणि तिथं लक्ष्मीबाईंनाही न सांगता नवस बोलून बसले. पोरगी नांदायला जाऊ दे, नवरात्राचे नऊ दिवस अन्नाला शिवणार नाही. एरवी अण्णा उपास करत नाहीत. घरचे सगळे उपास लक्ष्मीबाईंच्या खात्यावर असतात. त्यामुळं घट बसतो त्याच दिवशी ट्रेकही सुरू होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं ते देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर. पण देवीला दिलेली तारीख बदलून मागायची रीत नाही.

वर हवा कोरडी आणि थंडगार होती. पावसाळा सरून गवत पिवळं पडायला लागलेलं. पहिलं तळं दिसलं तेव्हा अर्पिता बोलायचीच थांबली. हिरवट-निळं पाणी आणि त्यात उलटा उभा असलेला डोंगर. अण्णाही गप्प झाले, पण ते दम लागल्यामुळं. थोड्या वेळानं म्हणाले, "आपल्या बोरी धरणाचं पाणी बी सकाळी असंच दिसतंय. फकस्त तिथं म्हशी असत्यात." अर्पिता खळखळून हसली. असं हसताना तिला त्यांनी किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

लक्ष्मीबाईंचा प्रश्न मात्र अडकून पडला होता. चढावर एका श्वासात दोनच शब्द मावत होते आणि 'नांदायला कवा जातीस' हे तीन होते. सपाटीवर श्वास पुरायचा, पण तिथं अर्पिता पुढं गुणगुणत चाललेली असायची. मग अण्णा म्हणायचे, पुढच्या तळ्यावर. ते तळं यायचं, आणि प्रश्न पाठीवरच्या पिशवीसारखा पुन्हा उचलून पुढं न्यायचा.

दुसरा त्रास स्वयंपाक्याचा. हा डोंगरी माणूस नेमका अण्णांच्याच जातकुळीतला, न विचारता वाढणारा. अण्णा हात आडवा करून आपल्या दख्खनीत सांगायचे, "पेट भर गया भाई, नक्को." तोवर ताटात दोन रोट्या आलेल्या असायच्या. पण गिऱ्हाईक ताटात अन्न कसं लपवतं, हे अण्णा जन्मभर बघत आले होते. ते सगळं त्यांनी आता वापरलं. भात पसरायचा, वर डाळ फिरवायची, रोटी दुमडून जाकिटाच्या खिशात. सकाळी खिसा सामान वाहणाऱ्या खेचरांपुढं रिकामा करायचा. पोटात जायचे ते खजूर आणि चहा. चहानं उपास मोडत नाही, याबद्दल आपल्याकडं देवांचीही तक्रार नाही. डोकं सतत ठणकत होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खाली धाडलं असतं, आणि प्रश्न तर अजून विचारायचाच होता.

खिंडीच्या पायथ्याशी सगळे जेवायला थांबले होते. तेवढ्यात एक करडं खेचर माणसांमधून वाट काढत सरळ अण्णांकडं आलं, त्यांच्या खिशात तोंड घातलं आणि रोटी ओढून काढली. मग दुसरी. मग दुसऱ्या खिशाकडं वळलं. सगळी मंडळी हसली. स्वयंपाकी हसला नाही. अर्पिता हसता हसता थांबली.

ट्रेकचा पुढारी नंदीश, पुण्याचाच एक काटकुळा पोरगा, येऊन अण्णांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून बघायला लागला. आकडा बघून त्याचा चेहरा उतरला. अण्णा "कायबी झालं न्हाय" म्हणत उठले, आणि तिथंच गुडघ्यात मोडून बसले. डोळ्यांपुढं पिवळं गवत काळं झालं.

शुद्ध तशी गेली नव्हती, पण नंदीशनं ठरवून टाकलं. खिंड चढायची नाही, काही खाऊन आत्ताच खाली उतरायचं, सोबत एक वाटाड्या आणि घरचं एक माणूस. खिंडीपलीकडं सगळ्यात मोठं तळं होतं. त्याचा फोटो अर्पितानं दोन वर्षं फोनवर लावून ठेवला होता. तिनं आपली सॅक उचलली. मग अण्णांपुढं येऊन बसली.

"का खाल्लं नाही तुम्ही?"

अण्णांकडं आता एकही सबब उरली नव्हती. नवस बोललोय, म्हणाले. कशाचा, तिनं विचारलं. त्यांनी खाली बघत सांगितलं.

ती गवत उपटायला लागली. "म्हणजे तुम्ही यासाठी आलात," ती म्हणाली. मग अगदी हळू, "उपाशी राहून देवीला मागितलंत अण्णा. मला काय पाहिजे, ते मला एकदा विचारायचं होतं."

स्वयंपाकी खिचडीचं ताट घेऊन शेजारी उभा होता. अण्णांना स्वतःच्या भुकेचं काही नव्हतं. पण नवस मोडला तर कोप पोराबाळांवर पडतो, असं त्यांच्या आईनं शिकवलं होतं, आणि हे त्यांच्या हाडात होतं. त्यांचा हात ताटाकडं गेला आणि माघारी आला. मग त्यांनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत पण ऐकू जाईल असं म्हणाले, "येडाई, मागितलेलं माघारी घेतो. चुकलं तर माझ्याकडं बघ. तिच्याकडं बघू नगं." आणि घास घेतला. तो गिळायला त्यांना फार वेळ लागला.

उतरताना वाट अरुंद होती. वाटाड्या पुढं लांब, त्याच्यामागं अर्पिता, शेवटी अण्णा. बऱ्याच वेळानं ती बोलायला लागली, मागं न बघता. रणधीर कधी ओरडला नाही, हात उचलला नाही. तो फक्त बोलणं बंद करायचा. भाजीत मीठ कमी पडलं, ती कंपनीतून उशिरा आली, एवढं पुरायचं. मग पंधरा दिवस, महिना, एकाच टेबलावर समोरासमोर जेवायला बसून तो तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही, आणि पाहुणे आले की त्यांच्याशी हसून बोलायचा. शेवटी शेवटी ती स्वयंपाकघरात कुकरशी बोलायला लागली होती. स्वतःचाच आवाज ऐकून एक दिवस घाबरली आणि निघाली.

अण्णांच्या पायाखालचा दगड सरकला. लग्नात सगळ्या पाहुण्यांना ते हेच सांगत फिरले होते, जावई शांत आहे, तोंडातून शब्द न्हाय.

"आईला काय सांगणार?" तिनं विचारलं.

"पोरगी जायची न्हाय, म्हणून."

"रडेल ती."

"रडू दी. म्या बी रडाया लागलोय की मगाधरनं. तू माघारी बघत न्हाईस म्हणून तुला दिसंना."

तिनं तरीही मागं बघितलं नाही. फक्त तिची चाल मंदावली, अण्णांना गाठता येईल इतकी. खाली गावात पोचलं की फोनला रेंज येणार होती आणि लक्ष्मीबाई पहिल्याच घंटीला फोन उचलणार होत्या. चढाची वाटली नव्हती एवढी भीती अण्णांना त्या उताराची वाटत होती.