म्हसोबाचं वय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे सगळ्या मोशीला ठाऊक आहे. मी पाहिलेला बिबट्या सांगता सांगता बैलाएवढा होतो. मी पकडलेला मासा टेम्पोतून आणावा लागतो. लोक हसतात, चहा पाजतात. मग ही एकच गोष्ट आत कशी राहिली?

आमच्या गल्लीच्या टोकाला महापालिकेचा भूखंड आहे, दवाखान्यासाठी राखीव. त्यावर आम्ही चौघांनी म्हसोबाचं देऊळ बांधलं. दगड मी स्वतः खाणीतून स्कूटरवर आणला, शेंदूर फासला, माझ्या न्हाणीतल्या उरलेल्या फरश्या बसवल्या. समोर राहणारा गुट्टे कोर्टात गेला — सरकारी जागेवर देऊळ नको, दवाखाना हवा. माणूस अंबाजोगाईकडचा, चाकणला कंपनीत फिटर. कोर्टानं विचारलं, देऊळ किती जुनं? मी शपथेवर लिहून दिलं, पणजोबा इथं नारळ फोडायचे. वकील म्हणाला, "अण्णा, पणजोबांवर थांबा. तुम्ही तर शिवकाळात निघालात."

हे अर्ध्या गावाला माहीत आहे. मला हे सांगायचं नाही.

गुट्टेकडे फोटो निघाला. मोकळा भूखंड, मधे त्याची पोरगी सायकलवर. सकाळच्या आरतीला तो फोटो घेऊन थेट देवळात आला.

"देव माझाबी हाय, अण्णा. पर जागा दवाखान्याची हाय. उद्या तारखेला खरं सांगा, म्या तुमच्यावर खोट्या शपथेची केस करत न्हाई."

तीस-चाळीस जण ऐकत होते. मी काय करायला हवं होतं? — नाही, हा प्रश्नच खोटा. ते मला तेव्हाही कळत होतं.

मी म्हणालो, "ह्यो चपला घालून आत आला. देवावर पाय ठिवला ह्यानं, म्या बघितलं."

आणि काय रंगवून सांगितलं राव. पाय उजवा, हेही सांगितलं. थुंकला, असंही जोडलं.

पहिला फटका फरशीच्या तुकड्याचा. मग लोखंडी गज आला. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला — इथं वाढवून सांगत नाही — अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. कुणीतरी त्याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला, दुसऱ्यानं बोटांवर गज घातला. दोनदा. तो "अण्णा, अण्णा" म्हणत होता. नंतर शब्द येईनात, नुसतं रक्त.

मी हात लावला नाही, असं मी पोलिसांना सांगितलं. त्यांच्या पंचनाम्यात आहे : जखमीच्या पायात चपला. माझ्या गोष्टीला पुरावा मिळाला. त्याच्या बायकोनं त्याला भूखंडाची केस मागे घ्यायला लावली, बिऱ्हाड अंबाजोगाईला गेलं. त्या हातात आता पाना धरता येत नाही म्हणे. देऊळ आहे. आरती मीच करतो.

पण हात लावला होता.

गाडीचा सायरन ऐकून सगळे पांगले तेव्हा त्याच्या चपला बाहेर पायरीशी होत्या, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या. तीस-चाळीस माणसांत एकानंही त्याच्या पायांकडे बघितलं नव्हतं. मी त्या उचलून आत आणल्या. तो शुद्धीत होता, एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या पायांशी बसलो आणि एकेक करून दोन्ही चपला त्याच्या पायांत घातल्या. मागचे पट्टेही लावले.