अक्कांची तेलबंदी

आमच्या वर्कशॉपमध्ये केसांना तेल लावून यायला बंदी आहे. ती मी घातलेली नाही. मी नुसती मालकीण. ती घातली अक्कांनी, आमच्या सगळ्यात जुन्या कामकरी बाईंनी. सकाळी दारात उभ्या राहून त्या प्रत्येक बाईचं डोकं हुंगायच्या. वास आला की बाई आल्या पावली घरी.

जळगावच्या एमआयडीसीत आम्ही ॲसिड वाहून नेणाऱ्या लोखंडी पाइपांना आतून रबर लावून देतो. उघडं लोखंड ॲसिड खाऊन टाकतं. रबराची शीट चिकटवायची, रोलर फिरवून खालची हवा काढायची, मग पाइप वाफेवर शिजवायचा. चिकटवताना तेलाचं बोट लागलं तर तिथे रबर धरत नाही, फुगा येतो.

अक्कांचा हात पुरणाच्या मांड्यांवर बसलेला. मांडा हातांवर झुलवत, न फाटू देता खापरावर टाकणारी बाई. रबरही त्या तसंच अलगद टाकायच्या. मोठ्या पाइपात खांद्यापर्यंत शिरून काम चाले. म्हणायच्या, "पाइप बठ्ठा बाहेरथीन देखतस, ॲसिड मझारथीन देखस." बठ्ठा म्हणजे सगळे, मझार म्हणजे आत. आमच्या धंद्याची जाहिरात मला याहून बरी सुचलेली नाही.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांची लेक साक्रीहून माहेरी आली आणि तिने लाडाने आईचं डोकं तेलाने चोळून दिलं. दुसऱ्या दिवशी अक्का डोक्याला फडकं बांधून कामावर आल्या. उकाडा मरणाचा. आत शिरून त्यांनी नेहमीसारखा कपाळाचा घाम हाताने पुसला आणि तोच हात लोखंडाला लागला. शिजून निघालेल्या पाइपात भलामोठा फुगा. पाहणीला गिऱ्हाईक कंपनीचा माणूस उद्या यायचा होता.

कारण कुणाला कळेना. अक्कांनी कपाळावरून बोट फिरवलं, हुंगलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

सुनंदा नवी होती. आदल्याच आठवड्यात अक्कांनी तिला घरी धाडलं होतं. ती म्हणाली, "अक्का, तुमचं डोकं कोण हुंगणार?"

बायका हसल्या. अक्काही हसल्या, आणि चपला घालू लागल्या. मी म्हटलं, साबणाने डोकं धुवा आणि कामाला लागा, उद्या माणूस येतोय. त्या ऐकेनात. तेलाची बाई घरी जाते, एवढंच.

पण घरी काही गेल्या नाहीत. दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या. खराब रबर सोलून, लोखंड घासून सुनंदाने नवी शीट घातली. आजवर तिने फक्त छोटे पाइप केले होते. अक्का बाहेरून ओरडून सांगत होत्या, घाई करू नको, मधून कडेला जा. सुनंदा आतून उलट उत्तरं देत होती. दुसऱ्या दिवशी पाइप पास झाला, आणि मोठे पाइप तिच्याकडे आले ते आजतागायत.

गुडघ्यांमुळे अक्कांनी काम सोडलं तेव्हा माझं काही अडलं नाही. आता त्या आखाजीनंतर मांडे घेऊन येतात. यंदाही आल्या. मी आत बोलावलं, तर स्टूल मागितलं.

"डोकाले तेल लायेल शे, ताई. मी बाहेरच बसस."

सुनंदा हात पुसत बाहेर गेली, वाकून तिने अक्कांचं डोकं हुंगलं, आणि मग मांड्यांचा डबा उघडला.