बिनतेलाची गाजरं आणि माझी पारखी नजर

गेल्या हिवाळ्यात गाजरं, पालक आणि मी, तिघंही तीन महिने उकडून निघालो.

मी सुरतेत, गोडादऱ्यात एका कारखान्यात ताके तपासतो. कापडाचा ताका उजेडात उलगडायचा, तुटका धागा दिसला की खूण करायची. आमचं पोट डोळ्यांवर चालतं. त्यात दोन ताके माझ्या हातून दोषासकट पास झाले. शेठ म्हणाले, "भाऊ, आ शुं छे? आणखी एक गेला तर गेटवर बसवीन." (गेटवरचा माणूस दिवसभर झोपतो. तेवढी माझी लायकी नाही.)

घाबरून मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले. एकात होतं, डोळ्यांसाठी गाजर-पालक खा. दुसऱ्यात, तेल म्हणजे विष. मी हुशार, दोन्ही एकत्र केले. घरी बायको आणि दोन्ही पोरींसमोर जाहीर केलं, "आजपासून सगळ्यांच्या भाज्या उकडून. तेलाचा थेंब नको."

बायको धुळ्याकडची. भरितावर तेलाची धार सोडल्याशिवाय तिला स्वयंपाक झाल्यासारखा वाटत नाही. माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "हाई भाजी शे का चारा?"

"तुला विज्ञान कळत नाही."

ती चक्क गप्प बसली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

घरात रोज फोडणीचा वास यायचा. विचारलं की म्हणायची, "शेजारच्या काकूंकडचा." काकू महिनाभर गावी गेल्या, तरी वास येतच राहिला. मी म्हटलं, भिंतीत मुरला असेल.

तिसरा ताका गेला. "सोमवारपासून गेट," शेठ म्हणाले. बायकोनं मला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

"चष्म्याचा नंबर आलाय," डॉक्टर म्हणाले. "तो गाजरानं जात नाही. आणि गाजर-पालक खायचं तर चमचाभर तेलात परतून खा. त्यातलं जीवनसत्त्व तेलातुपाशिवाय अंगाला नीट लागत नाही."

"मग माझे तीन महिने?"

"दातांना व्यायाम झाला."

सोमवारी शेठच्या हातापाया पडून एक संधी मागितली. चष्मा लावून दहा ताके तपासले, एकही दोष सुटला नाही. नोकरी वाचली.

आनंदात घरी जेवायला बसलो. ताके तपासायच्या सवयीनं चष्म्यातली नजर शेजारच्या ताटांवर गेली. बायकोच्या भाजीवर तेलाची लाल तर्री. दोन्ही पोरींच्या भाजीवर तीच.

"हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," धाकटी म्हणाली. "तुमच्यासमोरच तर खायचो, पप्पा."

दोष शोधायचा पगार घेणारा मी. हातभर अंतरावरचा माल तीन महिने, रोज दोन्ही वेळा, पास करत होतो.